ऑनलाईन लिलावातील फसवणूक आणि एस्क्रो सेवा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पारंपरिक लिलावात वस्तू डोळ्यांसमोर असते आणि पैसा व माल यांची देवघेव एकाच ठिकाणी होते. इंटरनेटवरील लिलावात मात्र अनोळखी व्यक्तींपैकी कोणीतरी आधी विश्वास टाकावा लागतो. या पेचावरील उपाय म्हणून पुढे आलेल्या एस्क्रो सेवेचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

एस्क्रोचे स्वरूप व उदय :
‘एस्क्रो’ या शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंच भाषेत असून त्याचा अर्थ चर्मपत्राचा तुकडा असा होतो. अट पूर्ण होईपर्यंत दस्तऐवज त्रयस्थाकडे ठेवण्याच्या प्रथेतून ही संकल्पना विकसित झाली. ऑनलाईन व्यवहारात खरेदीदार रक्कम त्रयस्थाकडे जमा करतो, त्यानंतर विक्रेता माल पाठवतो आणि खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत माल तपासून स्वीकारल्यावर रक्कम विक्रेत्यास मिळते.

1995 मध्ये पिअर ओमिदयार यांनी सुरू केलेल्या ‘ऑक्शनवेब’ने (नंतरचे ईबे) 1996 मध्ये परस्पर अभिप्रायाची पद्धत आणली. परंतु अभिप्राय फसवणुकीनंतर नोंदवला जातो. गेलेला पैसा त्यामुळे परत येत नाही. 1999 मध्ये फिडेलिटी नॅशनल फायनान्शियल या अमेरिकन कंपनीने एस्क्रो डॉट कॉमची स्थापना केली. तथापि शुल्क आणि विलंब यांमुळे ही सेवा मुख्यतः मौल्यवान वस्तूंपुरती मर्यादित राहिली. शिवाय लवकरच बनावट एस्क्रो संकेतस्थळे निर्माण झाली. फसवणूक करणाऱ्यांनी विश्वासाच्या साधनाचेच सोंग घेतले. त्रयस्थाची विश्वासार्हता कोण तपासणार, हा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला.

चीन व भारत :
चीनमध्ये ताओबाओ या बाजारपेठेने 2003 मध्ये अलिपेद्वारे हीच पद्धत खरेदीप्रक्रियेतच अंतर्भूत केली. ग्राहकाला वेगळा मध्यस्थ शोधावा लागला नाही. त्यामुळे ती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली.

भारतात मुंबईतील बाझी डॉट कॉम ही लिलाव कंपनी ईबेने 2004 मध्ये विकत घेतली. ईबे इंडियाच्या ‘पैसापे’ व्यवस्थेत रक्कम मध्यस्थामार्फत विक्रेत्याकडे जात असे. हे संकेतस्थळ 2018 मध्ये बंद झाले. दरम्यान, फ्लिपकार्टने 2010 मध्ये सुरू केलेली ‘माल मिळाल्यावर रोख पैसे’ ही पद्धत रुजली. तीत माल दारात येईपर्यंत ग्राहक स्वतःच आपल्या पैशाचा राखणदार असतो. मात्र खोक्यातील वस्तूची खातरजमा बहुधा पैसे दिल्यावरच होते. रिझर्व्ह बँकेने 2009 मध्ये मध्यस्थांकडील ग्राहकांच्या रकमेविषयी निर्देश दिले आणि 2020 मध्ये बँकेतर पेमेंट ॲग्रिगेटरांना ती अनुसूचित व्यापारी बँकेतील एस्क्रो खात्यात ठेवणे बंधनकारक केले. मात्र हे खाते मध्यस्थाच्या गैरवापरापासून पैशाचे रक्षण करते. मालाच्या दर्जाची हमी देत नाही.

निष्कर्ष :
एस्क्रोमुळे विश्वासाची गरज संपत नाही. ती विक्रेत्याकडून त्रयस्थाकडे सरकते. म्हणून त्रयस्थावर कायद्याचे नियंत्रण असणे आणि मध्यस्थाची निवड समोरच्या पक्षाच्या सांगण्यावरून न करणे, या दोन बाबी ग्राहकाच्या दृष्टीने निर्णायक ठरतात.