आरोग्यविज्ञानातील संशोधनपद्धती व वाङ्मयसाधने

रोगांची कारणे, प्रतिबंध व उपचार यांविषयीच्या विधानांची निरीक्षण, तुलना व प्रयोग यांच्या साहाय्याने पारख करण्याच्या रीतींना आरोग्यविज्ञानातील संशोधनपद्धती म्हणतात. या संशोधनाची दोन अंगे आहेत : नवा पुरावा मिळविणे आणि पूर्वी प्रसिद्ध झालेला पुरावा शोधून एकत्र तपासणे. ही दोन अंगे बराच काळ स्वतंत्रपणे वाढली. त्यांची सांगड न बसल्यामुळे उपयुक्त उपचार रुग्णांपर्यंत उशिरा पोहोचल्याची उदाहरणे इतिहासात आढळतात.

तुलनात्मक चाचणीचे प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सक जेम्स लिंड (१७१६–९४) यांचे होय. क जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा स्कर्व्ही हा रोग त्या काळी खलाशांमध्ये फार घातक ठरत असे. मे १७४७ मध्ये लिंड यांनी ‘सॉल्झबरी’ जहाजावरील शक्य तितकी सारखी लक्षणे असलेले बारा रुग्ण निवडून त्यांच्या सहा जोड्या केल्या. सर्वांचा आहार समान ठेवून प्रत्येक जोडीला सफरचंदाची आंबविलेली पेये, व्हिनेगर, समुद्राचे पाणी इत्यादींपैकी निराळा उपचार दिला. संत्री व लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. १७५३ च्या आपल्या ग्रंथात लिंड यांनी या रोगावरील पूर्वीच्या लेखनाचा चिकित्सक आढावाही घेतला. म्हणजे संशोधनाची दोन्ही अंगे त्यात एकत्र आली होती. तथापि त्यांनी सुचविलेला आटविलेला रस उष्णतेमुळे निःसत्त्व होत असे. नौदलात लिंबाचा रस सर्रास देण्याचा निर्णय १७९५ मध्ये झाला.

एकोणिसाव्या शतकात वैद्यकीय नियतकालिके इतकी वाढली, की हवा तो लेख सापडणे दुरापास्त झाले. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील लष्करी वैद्यकीय ग्रंथालयाचे प्रमुख जॉन शॉ बिलिंग्ज (१८३८–१९१३) यांनी ही अडचण हाताळली. ग्रंथांबरोबरच नियतकालिकांतील लेखांचीही विषयवार नोंद करणाऱ्या त्यांच्या सूचीचा पहिला खंड १८८० मध्ये निघाला. पहिल्या मालेचे सोळा खंड १८९५ पर्यंत पूर्ण झाले. नव्या लेखांसाठी ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूची १८७९ मध्येच सुरू झाली होती. हे ग्रंथालय १९५६ मध्ये राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय बनले. तेथे १९६४ मध्ये सूचीचे काम संगणकावर आले, १९७१ मध्ये ‘मेडलाइन’ ही दूरस्थ शोधसेवा सुरू झाली आणि १९९७ पासून ‘पबमेड’द्वारे ती सर्वांना विनामूल्य खुली झाली. छापील सूची २००४ मध्ये बंद पडली.

दरम्यान चाचणीची पद्धतीही काटेकोर झाली. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटनमधील चाचणीत (१९४८) सांख्यिकीविज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल (१८९७–१९९१) यांनी १०७ रुग्णांचे गट यादृच्छिक अंकांच्या आधारे पाडले. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे वैद्याच्या पसंतीवर राहू नये, हा त्यामागील हेतू होता. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४, तर केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले. भारतात मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षय रसायनोपचार केंद्रात याच पद्धतीने घरी व आरोग्यधामात घ्यावयाच्या उपचारांची तुलना झाली. दोहोंचे परिणाम बऱ्याच अंशी सारखे असल्याचे १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. आरोग्यधामांतील खाटा अपुऱ्या असलेल्या देशांच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार महत्त्वाचा ठरला.

मात्र चांगली चाचणी होऊनही तिचे फलित दुर्लक्षित राहू शकते. मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता असलेल्या मातेला कॉर्टिकोस्टेरॉइड दिल्यास अर्भकाचे श्वसनविकार व मृत्यू कमी होतात, असे न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखविले. पुढील अनेक चाचण्या लहान असल्याने एकेकटी निर्णायक वाटली नाही. १९९० च्या सुमारास त्यांचे निष्कर्ष पद्धतशीरपणे एकत्र केल्यावर लाभ स्पष्ट झाला. तोवर वाचू शकणारी असंख्य अर्भके दगावली होती. अशा विश्वसनीय आढाव्यांची निकड ब्रिटिश वैद्य आर्ची कॉक्रेन (१९०९–८८) यांनी आवर्जून प्रतिपादिली होती. त्यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली.

आढावा घेतानाही एक दोष उरतो : प्रतिकूल निष्कर्ष पुष्कळदा प्रसिद्धच होत नाहीत, त्यामुळे उपलब्ध वाङ्मय उपचाराला अवाजवी अनुकूल दिसते. म्हणून चाचणीची नोंद ती सुरू होण्यापूर्वीच करण्याची प्रथा रूढ झाली. भारतात अशी नोंदवही २००७ मध्ये सुरू होऊन २००९ पासून औषधचाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली. प्रश्न नेमका मांडणे, पूर्ववाङ्मय शोधणे, चाचणीची आधी नोंद करणे आणि निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध करणे, हा क्रम आता संशोधकाचे प्राथमिक कर्तव्य मानला जातो.