भेद्य कोण?

आम्हा आयटीवाल्यांच्या कानावर 'व्हल्नरेबिलिटी' हा शब्द रोज पडतो. सॉफ्टवेअरमध्ये फट सापडली की पॅच लावायचा, विषय संपला. मराठीत याला 'भेद्यता' म्हणतात. शब्द जरा सरकारी वाटतो, पण आहे मोठा खोल. धातू 'भिद्', म्हणजे फोडणं. भिंत फोडणं हा भेद, आणि साम-दाम-दंड-भेदातला, माणसं फोडणं, तोही भेदच!

आता साताऱ्याचा अजिंक्यतारा घ्या. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने जातीने येऊन वेढा घातला. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटात तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि चढाईला सज्ज असलेले मोगलच त्याखाली सापडले. ग्रँट डफने हा आकडा सुमारे २००० दिलाय.

म्हणजे बघा, तटाला खिंडार पडलं तरी किल्ला पडला नाही. मग पडला कशाने? मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले होते. गडावरचा दाणागोटा संपत आला होता. बाहेरून मदतीची आशा उरली नाही, तेव्हा बोलणी होऊन किल्ला खाली झाला. औरंगजेबाने त्याचं नाव ठेवलं आझमतारा.

'वेढा' हा शब्द आपण आजही वापरतो, पण पुरासाठी. हीच कृष्णा साताऱ्याकडून खाली सांगलीला येते. तिथे आयर्विन पुलावर पाणी मोजतात: ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. पुराने वेढलेल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते.

अशा गावांना कागदोपत्री 'पूरप्रवण' म्हणतात. 'प्रवण' म्हणजे मुळात उताराचा, खाली झुकलेला. या शब्दाने सगळा दोष जमिनीवर जातो. पाणी चढतंय हे दिसत असताना बोटी किती होत्या, हा प्रश्नच त्यात येत नाही. 'भेद्य' म्हटलं की निदान विचारावं लागतं: कशाने फुटलं? आणि मदत का नाही पोचली?

मला तरी हाच शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. तुम्हाला काय वाटतं?