मार खाणारा मसीहा आणि टिळकांचं घर



लेन्ट सुरू झाला की आमच्या हर्नडनच्या आसपास चर्चबाहेर शुक्रवारच्या फिश फ्रायच्या पाट्या दिसू लागतात. आपल्यापैकी बहुतेकांचा येशूच्या दुःखभोगाशी संबंध एवढाच. पण या विषयावर मराठीत चारशे वर्षांहून जास्त काळ लिहिलं जातंय, आणि त्यातला एक धागा थेट आपल्या माजघरात जातो. म्हणून हा उपद्व्याप.

मूळ अडचण आधी सांगतो. मसीहा म्हणजे अभिषिक्त. येशूच्या काळी अनेक ज्यू लोक दाविदाच्या वंशातला राजा येऊन रोमन सत्ता उलथवेल अशी वाट बघत होते. शुभवर्तमानातला प्रसंग असा: पेत्र येशूला मसीहा म्हणून ओळखतो, आणि लगेच येशू सांगतो की आता मला छळ सोसून मरावं लागणार. पेत्र त्याला बाजूला घेऊन समजवायला जातो. येशू त्यालाच झापतो, आणि वर म्हणतो की माझ्यामागे यायचं तर आपापला क्रूस उचला. क्रूस तेव्हा गळ्यातलं लॉकेट नव्हतं. बंडखोर आणि गुलाम यांना रोमन लोक ज्यावर चारचौघांत हाल करून मारत, ते ते लाकूड. मराठी बायबलवाल्यांनी त्याला 'वधस्तंभ' म्हटलं. कानाला टोचतो हा शब्द, टोचायलाच हवा. पुढे शिष्यांनी या मरणाचा अर्थ यशयाच्या ५३व्या अध्यायात शोधला, जिथे दुसऱ्यांचे अपराध स्वतःवर घेणारा सेवक येतो. (ज्यू परंपरेत तो सेवक म्हणजे बहुधा खुद्द इस्राएल.)

हे मराठीत आणायचं म्हणजे आणखी पंचाईत. पुराण ऐकणाऱ्याला सवय कंस आणि रावण मारणाऱ्या देवाची. इथे देवच मारला जातो! इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्यानं 'क्रिस्तपुराण' छापलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, छपाई रोमन लिपीत. भाषा अस्सल, यात वाद नाही. पण ज्या साष्टीत तो राहिला तिथली देवळं पोर्तुगीजांनी १५६७ साली पाडली होती. सोसणाऱ्या देवाची कथा तोफा बाळगणाऱ्यांच्या आश्रयानं सांगायची, हा विरोधाभास मला तरी ओलांडता येत नाही.

नारायण वामन टिळकांची गोष्ट निराळी. १८६१चा जन्म, कोकणस्थ ब्राह्मण, कवी, कीर्तनाची आवड. १८९३च्या सुमारास आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनानं ते झपाटले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. हे पटण्यासारखं आहे. आपल्या संतकथांत सोसणं काय कमी आहे? ज्ञानेश्वर-मुक्ताईंना वाळीत टाकलं, एकनाथांवर थुंकले, तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या. फरक एकच: आपल्याकडे सोसतो तो भक्त, आणि देव धावून येतो. दामाजीसाठी विठू महार होतो, जनीबरोबर दळतो, पण मरत नाही. टिळकांनी तुकारामांच्या अभंगाचा साचा घेऊन त्यात सोसणारा देव बसवला.

आता खरा मुद्दा. टिळकांनी वधस्तंभ उचलला, पण ओझं कोणाच्या खांद्यावर पडलं? लक्ष्मीबाईंच्या. त्यांना न विचारता नवरा ख्रिस्ती झाला. सौभाग्य आहे पण संसार नाही, अशा अवस्थेत ही बाई लहानग्या दत्तूला घेऊन जवळपास पाच वर्षं नातेवाइकांच्या आधारानं राहिली. नंतर त्या टिळकांकडे नगरला गेल्या, सुरुवातीला स्वतःचं सोवळं सांभाळूनच. ते हळूहळू सुटलं, आणि १९००मध्ये त्यांनी स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' १९३४पासून भागाभागानं आलं. त्यात हे सगळं आहे, पण रडगाणं नाही. टिळकांच्या विक्षिप्तपणावर बाई अशा हसतात की आपणही हसतो, आणि मग जरा लाज वाटते. मला विचाराल तर अनुसरण म्हणजे काय यावर मराठीत याहून प्रामाणिक पुस्तक नाही. तेही ठरवून त्या विषयावर लिहिलेलं नसताना.

टिळकांनाही मिशनचा पगार शेवटी खुपला. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. परदेशी पैशावर जगून त्यागाची शिकवण देणं त्यांना जमेना, असा माझा अंदाज. पण वेळ कमी होता. ९ मे १९१९ला ते मुंबईत वारले.

मागे राहिलं अपुरं 'ख्रिस्तायन'. टिळकांच्या हातून जेमतेम सुरुवातीचे अध्याय झाले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं, तब्बल ६४ अध्याय. १९३६ साली त्या गेल्या आणि ग्रंथ १९३८ला छापून आला. म्हणजे ग्रंथाचा मोठा भाग बाईंच्या हातचा आहे.

हर्नडन, व्हर्जिनिया