पगार : एका शब्दाची मुशाफिरी

पहिली तारीख आली की नागपुरातल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "पगार झाला का?" हा शब्द इतका घरचा झाला आहे की त्याचे कूळ विचारावे असे कुणाच्या मनात येत नाही. पण पाहा, हे कूळ निघते थेट रोमला!

लॅटिनमध्ये 'पॅक्स' म्हणजे शांतता. त्यावरून 'पाकारे', म्हणजे शांत करणे, हे क्रियापद झाले. रोमन सेनापती जिंकलेल्या प्रांतांविषयी ते वापरीत. पुढे ते रणांगणावरून बाजारात उतरले. दारात तगादा लावून बसलेल्या सावकाराला शांत कसे करायचे? त्याचे पैसे देऊन! अशा रीतीने 'शांत करणे' याचा अर्थ 'पैसे चुकते करणे' असा झाला. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि गॅलिशियन या तिन्ही भाषांत हे क्रियापद आजही 'पगार' असेच आहे. इंग्रजांचे 'पे' हे फ्रेंचांच्या घरून आलेले त्याचेच भावंड.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५३४ साली वसई त्यांच्या हाती गेली. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्यांच्याकडून चावी, लिलाव, बटाटा हे शब्द उचलले, तसाच पगारही. मात्र उचलताना क्रियापदाचे नाम केले. त्यांच्याकडे 'पगार' म्हणजे देण्याची क्रिया. आपल्याकडे पगार होतो, वाढतो आणि कधी थकतोही! १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली. शब्द मात्र परत गेले नाहीत.

कुणी म्हणेल, आमच्या भोसल्यांच्या नागपुरावर फिरंग्यांनी कधी राज्य केले? नाहीच केले. शब्दाला फौजफाटा लागत नाही. मराठीत वेतन होते, मुशाहिरा होता, रोजमुरा होता. पण १८६७ साली नागपुरास रेल्वे आली, १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि ठरल्या दिवशी रोकड मोजून घेणारा कामगार शहरात उभा राहिला. मुशाहिरा, रोजमुरा जुन्या दप्तरांत राहिले; मराठी माणसाच्या तोंडी बसला तो पगार.

एम्प्रेस मिल आता बंद झाली. पण पगार थकला की वाणी, घरमालक, शाळेची फी सारे दारात उभे राहतात आणि घराची शांतता जाते, हा अनुभव काही जुना झालेला नाही. कष्टाचे पैसे म्हणजे मेहेरबानी नव्हे, ते देणे आहे. ते फिटते तेव्हाच शांतता नांदते. शब्दाच्या पोटात हीच गोष्ट दडलेली आहे.