श्रवणयंत्र : घरगुती निगा

मळ, घाम आणि दमट हवा यांपासून श्रवणयंत्राला जपण्याचा रोजचा परिपाठ. यंत्र मुके झाले की आधी तीन गोष्टी पाहाव्यात : आवाजाच्या तोंडाशी अडकलेला मळ, नळीतला पाण्याचा थेंब आणि संपलेला सेल. आवाज जाण्याची ही नेहमीची कारणे आहेत आणि तिन्हींवरचा उपाय घरात होतो.

इंदूरची हवा या यंत्राला दोन्हीकडून छळते. मे महिन्यात माळव्याच्या पठारावर पारा 40 अंशांपलीकडे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींनाही ओल येते. झिंक-एअर सेलवर याचा थेट परिणाम होतो. त्याची रंगीत पट्टी काढली की बारीक छिद्रांतून ऑक्सिजन आत जातो आणि वीज तयार होऊ लागते. त्यासाठी मिनिटभर थांबून मगच सेल बसवावा. पट्टी परत चिकटवली तरी सेल ताजा राहत नाही. उन्हाळ्यात त्यातला ओलावा उडतो, पावसाळ्यात बाहेरचा आत शिरतो. म्हणून लागेल तेव्हाच एकेक सेल उघडावा. पट्टीचा रंग माप सांगतो : पिवळा 10, तपकिरी 312, नारिंगी 13, निळा 675.

रात्री सेल काढून, त्याचे दार उघडे ठेवून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवावे. सेल मात्र त्या डबीत नको, तो वाळून निकामी होतो. सकाळपर्यंत मळही सुकतो. तेव्हा यंत्राचे तोंड खाली धरून मऊ ब्रश फिरवला, की कण आत न जाता खाली पडतात. कानामागच्या यंत्राचा साचा नळीसकट सोडवून कोमट साबणपाण्यात धुवावा, ब्लोअरने नळीतले पाणी उडवावे आणि पूर्ण वाळल्यावरच जोडावा. खुद्द यंत्राला पाणी, स्पिरिट किंवा हेअर ड्रायर लावू नये. नळी पिवळी, कडक झाली तर ती बदलून घ्यावी.

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यापाशी गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, टँकरमधून रंगीत पाण्याचे फवारे उडतात, गुलालाने आभाळ भरते. हा गुलाल मायक्रोफोनच्या छिद्रात बसला तर घरच्या ब्रशने निघत नाही. त्या दिवशी यंत्र घरी ठेवणेच शहाणपणाचे.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून 1981 पासून गरजू अपंगांना साधने मिळतात, त्यांत श्रवणयंत्रेही असतात. यंत्र हातात देताना घरच्या माणसाला ब्रश चालवायला आणि सेल बदलायला शिकवणे हे वाटपाइतकेच महत्त्वाचे आहे. ते राहिले, तर आजोबांचे यंत्र चार महिन्यांत कपाटात जाते.

वापरलेला सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. इंदूरच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्यासाठी वेगळा कप्पा असतो. सेल त्यात टाकावा. गाडी येईपर्यंत तो मुलांच्या हाती लागू देऊ नये. मुलाने सेल गिळल्याची शंका जरी आली, तरी उलटी करवू नये. त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.