कर्व्यांची वाट आणि आपल्या फेऱ्या

पत्ता लिहिताना शेवटी 'कर्वेनगर' लिहायची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की त्या नावामागचा माणूस या वाटेने किती वेळा पायी आला-गेला असेल हे सहसा मनात येत नाही. सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने तो इतिहास थोडा चाळावा म्हटलं.

आपला हा भाग म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला तो पुणे शहरात. प्लेगचे दिवस आले आणि १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला, एका झोपडीत आला. कर्वे तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. कॉलेजचं काम आटोपून ते हिंगण्याला चालत येत. अंतर चार-पाच किलोमीटर. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता, पावसाळ्यात तर नुसता चिखल. चालण्याची सवय त्यांना लहानपणापासूनचीच. मुरूडसारख्या कोकणातल्या गावातून परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर घाट चढून साताऱ्याला पायी गेले होते, शंभराहून अधिक मैल! आणि तिथे 'वयाने लहान दिसतोस' म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही.

१८ एप्रिल १८५८ ला जन्मलेले अण्णा ९ नोव्हेंबर १९६२ ला गेले. म्हणजे १०४ वर्षं पुरी करून. मग चालल्यामुळेच ते इतके जगले का? असं म्हणणं बरोबर होणार नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. साधं जेवण, नियमित दिनचर्या, अंगातला काटकपणा, हेही सगळं होतंच.

पुरावा हवा असेल तर लंडनला जावं लागतं. तिथे जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसवरच्या माणसांचा अभ्यास केला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. ड्रायव्हर आणि कंडक्टर, दोघेही एकाच बसवर, एकाच शहरात, जवळजवळ सारख्याच पगारावर. फरक इतकाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत वरखाली. रोज ५०० ते ७५० पायऱ्या! आपल्या पर्वतीला शंभरावर पायऱ्या आहेत, म्हणजे कंडक्टर रोज पाच-सात वेळा पर्वती चढत होता म्हणा ना. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला, झाला तरी उशिरा आणि सौम्य. पोस्टमन आणि बसून काम करणारे कारकून यांच्यातही तोच फरक दिसला.

कोणी शंका काढेल, की मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील. ती शंका खुद्द मॉरिस यांनाही आली. त्यांनी गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या विजारी खरोखरच कमरेत मोठ्या निघाल्या. म्हणून नुसत्या बसवर विसंबून चालणार नव्हतं. पण पुढे अनेक देशांत वजन, धूम्रपान वगैरे गोष्टी हिशोबात धरून अभ्यास झाले आणि निष्कर्ष तोच राहिला. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

इकडे पुणं मात्र उलट दिशेने निघालं होतं. सायकलींचं शहर म्हणून आपली ख्याती. कॉलेज, कारखाना, मंडई, सगळं सायकलवर. मग १९७२ च्या सुमारास 'चेतक' आणि 'लूना' आल्या. त्यांनी मध्यमवर्गाची सोय केली यात शंका नाही. पण आपल्या नकळत रोजचा तास-अर्धा तासाचा व्यायाम आयुष्यातून गेला. पूर्वी व्यायाम वेगळा करावा लागत नव्हता, आता त्यासाठी वेळ काढावा लागतो.

किती वेळ? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. पूर्वी सलग दहा मिनिटांची अट होती, २०२० साली तीही काढली. थोडं थोडं केलेलंही धरलं जातं. जेवणानंतर पायाचे स्नायू हलले की रक्तातली साखर ते वापरतात. आपल्या आजीची शतपावली काही उगाच नव्हती!

आता मुद्द्याचं. येत्या सर्वसाधारण सभेत इमारतीभोवतीचा फरसबंद पट्टा पार्किंगला द्यायचा ठराव येणार आहे. गाड्यांची अडचण खरी आहे. २५ वर्षांपूर्वी इथे बहुतेकांकडे दुचाकी होत्या, आता काही घरांत दोन-दोन गाड्या आहेत. रात्री उशिरा येणाऱ्याला जागा मिळत नाही, हे मलाही दिसतं.

पण त्या पट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ कोण असतं, हेही बघा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकू, मधुमेह असलेले दोन-तीन काका, बाबागाडी घेऊन फिरणारी सून. बाहेरच्या फुटपाथवर त्यांना पाठवायची आपली छाती होत नाही. एक फेरी साधारण तीन मिनिटांची. रोज सात फेऱ्या मारल्या की आठवड्याला जवळजवळ १५० मिनिटं भरतात, तेही फाटकाबाहेर पाऊल न टाकता.

गाडीला पर्याय शोधता येतो. पाळीने जागा, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर भाड्याने सोय, यावर चर्चा होऊ शकते. सत्तरीच्या माणसाच्या फेऱ्यांना असा दुसरा पर्याय मला तरी सापडला नाही. हात वर करण्याआधी प्रत्येक सभासदाने एक संध्याकाळ त्या पट्ट्यावर सात फेऱ्या माराव्यात, एवढीच विनंती.

— एक सभासद, बी विंग