चालीचा ताल : एका उपेक्षित उपपत्तीचा इतिहास

चालताना पावलांकडे लक्ष नसले तरी चालीचा ताल सहसा बिघडत नाही. हा ताल शरीरात कोठे उत्पन्न होतो, हा शरीरक्रियाविज्ञानातील जुना वादविषय होय. विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नावर चार्ल्स शेरिंग्टन यांच्या मताचा पगडा होता. पायाच्या एका स्थितीतून उठणारी संवेदना मेरुरज्जूत पोचून पुढील हालचालीस चालना देते; चाल म्हणजे अशा प्रतिक्षिप्त क्रियांची साखळीच, असे १९१० च्या सुमारास सर्वसाधारणपणे मानले जाई.

शेरिंग्टन यांच्याच लिव्हरपूल येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या टॉमस ग्रॅहॅम ब्राउन यांनी १९११ साली या साखळीचे दुवेच तोडून पाहिले. भूल दिलेल्या मांजराचा मेरुरज्जू छेदून त्यांनी मागील पायांचा मेंदूशी असलेला संबंध नाहीसा केला; त्या पायांकडून येणाऱ्या संवेदी तंतूंची मुळेही कापली. तरीही घोट्याचे आकुंचक व प्रसारक स्नायू आळीपाळीने, चालीच्याच क्रमाने आकुंचन पावत राहिले. म्हणजे तालाचे मूळ मेरुरज्जूतच असले पाहिजे. तेथे परस्परांना दडपणारी दोन 'अर्धकेंद्रे' असून एक थकले की दुसऱ्यास वाव मिळतो, अशी उपपत्ती त्यांनी मांडली.

ही उपपत्ती जवळजवळ अर्धशतक अडगळीत पडली. गुरुस्थानी असलेल्या शेरिंग्टन यांच्या कीर्तीचे दडपण हे त्याचे एक कारण असावे. १९३२ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. दुसरे कारण खुद्द ब्राउन हेच. त्यांचे मन प्रयोगशाळेतून गिर्यारोहणाकडे वळले. १९३६ साली नंदादेवीवर गेलेल्या मोहिमेत ते होते. ब्राउन हे नाव कित्येकांना माहीत असते ते त्यामुळेच.

पुनरुज्जीवन झाले ते १९६० नंतर. डोनाल्ड विल्सन यांनी १९६१ मध्ये दाखविले की, पंखांकडून येणाऱ्या संवेदना तोडल्या तरी टोळाच्या मज्जासंस्थेत उड्डाणाचा ताल टिकतो. मात्र तो बराच मंदावतो. स्वीडनमध्ये आंदर्स लुंडबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांना मांजराच्या मेरुरज्जूत अर्धकेंद्रांच्या कल्पनेशी जुळणारी तंतुरचना आढळली.

तथापि शेरिंग्टन सर्वस्वी चुकले होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. टोळाच्या मंदावलेल्या तालातच त्याची सूचना होती. पुढे १९७८ साली ग्रिलनर व रोसिन्योल यांनी मेरुरज्जू छेदलेल्या मांजराला फिरत्या पट्ट्यावर चालविले आणि त्याचा एक मागील पाय कमरेच्या सांध्यातून मागे जाऊ दिला नाही. दुसरा पाय चालतच होता. अडविलेला पाय मात्र तो सांधा पुरेसा मागे सरेपर्यंत उचललाच गेला नाही.